ट्रॅक पुण्याहून करून आणू नका (उत्तर जरा लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि सात वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिलो. कॉलेजची अठरा-वीस मुलं, बारावीनंतर घर सोडणाऱ्या मुलीची गोष्ट, जवळजवळ सगळी गाण्यांतून, प्रयोग फेब्रुवारीत. इथवर छानच. पण 'गाण्यांच्या साथीचे ट्रॅक पुण्यात रेकॉर्ड करून घेतोय, म्हणजे वादकांची कटकट नको' हे वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो.

मुलं कशी निवडायची, तालमी किती, हे तुम्ही बघालच. मी फक्त माझ्या चुकीबद्दल लिहितो.

आमच्या संगीतिकेत नऊ गाणी. जूनमध्ये वर्गात, सकाळी अकराला, बाकांवर बसवून मी पेटीवर पट्ट्या ठरवल्या, म्हणजे कोण पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गाणार ते. मुलगी काळी चार, मित्राचं काम करणारा मुलगा काळी एक. त्याच हिशेबाने ट्रॅक करून आणले. बेचाळीस हजार गेले, म्हणजे कॉलेजने दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त. ऑगस्टमध्ये मुलाला इंजिनियरिंगच्या पुढच्या फेरीत सीट लागली आणि तो गेला. (पहिल्या वर्षाच्या मुलांना मोठं काम देऊ नका, ही आणखी एक फुकटची सूचना.) नवा मुलगा पांढरी तीनचा. स्टुडिओवाला म्हणाला, काळजी नको, संगणकावर वर चढवून देतो. दिलीही. व्हायोलिनं डासांसारखी गुणगुणायला लागली.

हेही निभावलं असतं. खरा घात प्रयोगाच्या रात्री झाला. चौथ्या प्रवेशात मुलगी आजीचा पेटारा उघडते, एक वाक्य बोलते आणि गायला लागते. त्या वाक्यावर प्रेक्षक हसले. तालमीत कधीच कोणी हसलं नव्हतं, कारण तिथे प्रेक्षकच नव्हते. ती शहाणी मुलगी हशा ओसरेपर्यंत थांबली. कुठल्याही चांगल्या नटीने तेच केलं असतं. ट्रॅक थांबला नाही. तिने धृपद धरलं तेव्हा खाली मधलं संगीत चालू होतं, अंतऱ्याला पोचली तेव्हा ट्रॅक धृपदावर परत आलेला. साउंडवाल्याने घाबरून बंद केला, पुन्हा पहिल्यापासून लावला. ती पेटाऱ्याचं झाकण हातात धरून तशीच उभी. पडदा पडल्यावर मला एवढंच म्हणाली, "सर, म्हाका जमना." त्यानंतर वर्षभर ती कॉलेजच्या एकाही कार्यक्रमात गायली नाही. चूक तिची नव्हती. हे मी तिला शंभरदा सांगितलं, पण मुलं असं ऐकत नाहीत.

आणि हे आपल्या गोव्यात व्हावं! देवळाच्या उत्सवातल्या संगीत नाटकाला पेटी किंवा ऑर्गनवाला बाजूलाच असतो, नजर गाणाऱ्याच्या ओठांवर. नट श्वासाला अडला तर तो एक आवर्तन जास्त भरतो, प्रेक्षकांत कोणाला पत्ताही लागत नाही. १८८२च्या 'सौभद्र'पासून जिवंत साथच चालत आलीय. तियात्रातही, म्हणजे आपल्या कोंकणी गाण्याबजावण्याच्या नाटकातही, बँड रंगमंचासमोर जिवंत वाजतो. मुंबईत इटालियन ऑपेराचे खेळ बघून लुकाझिन रिबेरोंनी १८९२मध्ये पहिलं तियात्र उभं केलं, म्हणजे ऑपेराचं बी आपल्याकडे तसं जुनंच. घरात हे दोन्ही असताना मी पेनड्राइव्ह घेऊन फिरत होतो.

म्हणून सांगतो, एक पेटी, एक तबला, जमलं तर एक व्हायोलिन. बस. घुमट (चामडं ताणलेलं मातीच्या मडक्याचं वाद्य) वापरणार असाल तर आता तो बकऱ्याच्या चामड्याचाच मिळतो (घोरपडीच्या चामड्यावर बंदी आहे). तो दमट हवेत सैल पडतो, प्रयोगाआधी तासभर उन्हात ठेवा.

पट्टी बसून नाही, उभ्याने, चालताना, संवाद म्हणून झाल्यावर ठरवा आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासा. मुलामुलीचं द्वंद्वगीत असेल तर दोघांना एकाच पट्टीत कोंबू नका, दोघंही मरतात. मुलगी काळी चार आणि मुलगा काळी एक असेल तर तिचा मध्यम (म) तोच त्याचा षड्ज (सा) होतो. पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी, जिच्यात बाई आणि पुरुष आपापल्या पट्टीत एकत्र गातात, याच तत्त्वावर चालते. मात्र चाल मुळातच तशी बांधावी लागते, मागाहून ठिगळ लावता येत नाही. मी शास्त्रीय संगीताचा पदवीधर नाही, हौशी माणूस आहे. तेव्हा जाणकारांनी चूक दाखवली तर त्यांचं ऐका.

चर्चच्या कॉयरमधली दोन-चार मुलं जरूर घ्या. आमच्याकडची गाणं शिकलेली मुलं एका सुरात सुरेख गायची, पण शेजारी दुसरा स्वर लागला की त्याच्या मागे जायची. कॉयरवाला मुलगा आपला स्वर शेवटपर्यंत धरून बसतो. मराठी पदं ती रोमीत (रोमन लिपीत) लिहून घेतात, घेऊ द्या. फक्त 'चंद्र'मधला च आणि 'चांदणं'मधला च वेगळे, हे पहिल्याच दिवशी तोंडात बसवा. रोमीत दोन्ही सारखेच दिसतात.

प्रेक्षागृहाबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहितोच. ज्या कार्यालयात आम्ही तीन महिने आधी अर्ज दिला, तिथे दर खेपेला उत्तर एकच: "फायल वयर गेल्या." वर म्हणजे कुठे, ते शिपायालाही ठाऊक नव्हतं. तारीख हातात पडली ती नऊ दिवस आधी, तालमीसाठी रंगमंच मिळाला दोन तास. त्यातला एक तास दिव्यांत गेला. जिवंत वादक असते तर हशाचा घोळ दोन तासांच्या तालमीतही निभला असता. उघड्यावर करायचा बेत असेल तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हे धरूनच वेळ आखा, पाहुण्यांची भाषणं शेवटी ठेवा. परवानगीचे नियम बदलत असतात, मामलेदार कचेरीत आणि पोलीस स्टेशनवर स्वतः जाऊन विचारा, फोनवर विसंबू नका.

आणि फेब्रुवारी म्हणताय तर कार्निव्हलचा शनिवार टाळा. पणजीत त्या दिवशी कलाकारच वेळेवर पोचत नाहीत, प्रेक्षक कुठले पोचणार? पेटीवाला मात्र आजच बघा. म्हार्दोळ-मंगेशी बाजूला चौकशी केलीत तर मिळेल, पण जत्रांचे दिवस सुरू झाले की ही मंडळी रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळात असतात. नवरात्रीआधी शब्द घेऊन ठेवा, थोडे पैसेही हातावर ठेवा.