बाळ बारा दिवसांचं आहे, दूध पुरत नाही असं वाटतंय. अंगावरचं दूध वाढवायला काय करू?

तुम्ही लिहिलंय की सिझर झालं, पहिले तीन दिवस दूध उतरलंच नाही, आता येतंय पण बाळ तासातासाला रडतं, आणि काल पंपाने काढून पाहिलं तर दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम 20 मिली भरलं. सासूबाई पावडरचा डबा आणू म्हणतात, आई शतावरी वाढव म्हणते. एवढ्या सगळ्यात बाळाचं वजन कुठेच लिहिलेलं नाही. डिस्चार्जनंतर केलं नसेल तर आजच करून घ्या. गावाकडे असाल तर आशाताईंकडे काटा असतो. चौदाव्या दिवशी त्यांची भेट असतेच, पण तोवर थांबू नका, आधीच बोलवा.

मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे. राउंडला गेलं की निम्म्या खाटांवरून एकच वाक्य येतं, "सिस्टर, दूधच नाही हो." त्यातल्या बऱ्याच जणींना दूध असतं, बाळ ते नीट ओढत नसतं. थोड्या जणींना खरोखर कमी असतं. दोघींना सारखेच लाडू खाऊ घालून भागत नाही, म्हणून आधी तुम्ही कुठल्या गटात आहात ते ठरवू.

पहिल्या तीन-चार दिवसांत बहुतेक सगळ्या बाळांचं वजन उतरतं. 3 किलोचं बाळ 2 किलो 800 वर आलं तर आम्ही घाबरत नाही. 2 किलो 700 च्या खाली गेलं, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास वजन पुन्हा चढायला लागतं, रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम, आणि दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या आकड्यावर परत येतं. म्हणजे तुमचं बाळ आता त्याच्या आसपास हवं. काटा शक्यतो तोच वापरा आणि बाळ पूर्ण उघडं ठेवा, लंगोटसुद्धा नको. एकदा दुपट्यासकट आणि एकदा उघडं असं वजन करून "बाळ खंगलं" म्हणत अख्खं घर रडताना मी पाहिलंय.

दुसरी खूण शू. या वयात चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, आणि रंग फिकट. डायपरमध्ये हे कळत नाही, दोन दिवस सुती लंगोट बांधा. शी आतापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार झालेली असावी.

रडण्यावरून मात्र काही ठरवू नका. संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान पुष्कळ बाळं अंगावरून सुटतच नाहीत. पितात, डुलकी घेतात, पुन्हा मागतात. नेमकं याच वेळी घरात सगळे जमलेले असतात आणि "भूक भागत नाही त्याची" असा निकाल लागतो. पंपाचंही तसंच. चांगलं धरणारं बाळ पंपापेक्षा जास्त दूध काढतं. शिवाय तुम्ही बाळाला पाजून झाल्यावर पंप लावला असेल, तर ते 20 मिली म्हणजे फक्त उरलेलं दूध. छाती आता मऊ वाटते हीही खूण नाही. सुरुवातीला दूध दाटून आलेला कडकपणा ओसरतोच.

आता मुख्य गोष्ट, बाळ धरतं कसं. इथेच निम्म्याहून जास्त तक्रारी सुटतात, आणि घरी नेमकं इकडेच कुणी बघत नाही. सिझरमुळे बसताना टाके ओढतात, मग आई पुढे वाकून बोंडशी बाळाच्या तोंडात कोंबते. बाळ नुसती बोंडशी चोखत राहतं, तिला चिरा पडतात, आईला प्रत्येक वेळी धस्स होतं, आणि अर्ध्या तासानंतरही बाळ उपाशीच. पाठीला उशी लावून टेकून बसा. बाळाला तुमच्याकडे आणा, तुम्ही बाळाकडे वाकू नका. बाळाचं कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी, पोट तुमच्या अंगाला चिकटलेलं. मान मुरगाळून कुणालाच गिळता येत नाही. बोंडशी बाळाच्या वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की चटकन जवळ ओढा, हनुवटी आधी टेकू दे. खालचा ओठ बाहेर वळलेला हवा आणि काळा भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात गेलेला. टाक्यांवर भार नको असेल तर बाळाला काखेखालून धरा, पाय तुमच्या पाठीकडे. किंवा दोघांनी कुशीवर झोपून पाजा.

धरल्यावर ऐका. पहिलं मिनिटभर भराभर चोखणं, मग पान्हा सुटला की लय संथ होते, हनुवटी खोल जाते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. गाल आत खेचले जात असतील किंवा टचटच वाजत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि परत लावा. दुखणं सुरुवातीच्या काही क्षणांपलीकडे टिकलं तरी तेच. बाळ गिळायचं थांबून नुसतं तोंडात धरून पेंगायला लागलं की छाती हाताने हलकेच दाबा, दूध तोंडात येतं आणि ते पुन्हा गिळायला लागतं. तेही थांबलं की दुसरी बाजू.

छातीतून दूध जितकं निघेल तितकं नवीन तयार होतं. साठून राहिलं की शरीर काम मंदावतं. त्यामुळे चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, घड्याळ न बघता, बाळ तोंड हलवायला किंवा हात चाटायला लागलं की लगेच. रडणं ही भुकेची शेवटची पायरी आहे, तोवर बाळ चिडलेलं असतं आणि धरत नाही. तुमचं बाळ झोपाळू असेल, विशेषतः कावीळ झाली असेल किंवा 37 आठवड्यांआधी जन्मलं असेल, तर तीन तासांवर झोपू देऊ नका. कपडे काढून उघड्या छातीवर घ्या, तळव्यांना चोळा.

रात्रीचं पाजणं सोडू नका. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. आपल्याकडे होतं असं की "तू झोप, मी सांभाळते" म्हणून आजी रात्री बाळ नेते आणि पावडरचं दूध पाजते. मायेनेच करतात, पण त्याच वेळचं दूध छातीत साठतं आणि दोन-तीन दिवसांत खरोखर कमी होतं. आजीने बाळ आणून द्यावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावं, आणि तुम्हाला दुपारी दोन तास कुणी उठवू नये. दुपारच्या वेळी पाहुण्यांना दारातूनच परतवण्याचं काम सासूबाई तुमच्यापेक्षा फार चांगलं करतील.

वजन खरंच मागे पडलं असेल तर मग वरचं दूध द्यायला लागेल आणि त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. उपाशी बाळाला ओढायची ताकद नसते, त्याने दूध आणखी घटतं. पण क्रम पाळा. आधी दोन्ही बाजूंनी पाजा. मग हाताने किंवा पंपाने दहा-पंधरा मिनिटं काढा आणि ते पाजा. तरी कमी पडलं तर डॉक्टर सांगतील तेवढंच पावडरचं दूध. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटलीतून विनासायास धार येते, मग काही बाळं अंगावर मेहनत करायला कुरकुरतात. पावडर डब्यावरच्या प्रमाणातच घ्या, पुरवायला म्हणून पाणी वाढवू नका. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध आणि मध नको, सहा महिन्यांच्या आत पाणी, गुटी काहीच नको. काढलेलं तुमचं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. उन्हाळ्यात सरळ फ्रिजमध्येच ठेवा. वजन चढायला लागलं की पावडर एका दिवसात बंद न करता थोडी थोडी कमी करायची आणि दर दोन-तीन दिवसांनी काट्यावर बघायचं.

दुसऱ्या आईच्या दुधाबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. आशियातली पहिली मानवी दूध बँक 1989 मध्ये मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता इतर शहरांतही आहेत, पण ते दूध मुख्यतः कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी राखलेलं असतं. शेजारणीचं दूध तपासणीशिवाय परस्पर पाजू नका, दुधातून एचआयव्हीसारखे संसर्ग जाऊ शकतात.

डब्याची जाहिरात टीव्हीवर का दिसत नाही, कधी विचार केलात? 1992 च्या कायद्याने बाळांच्या पावडरच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. तरी डबा घरात येतो, कारण सल्ला देणारे घरातच असतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शेपू, बाजरी खुशाल खा; पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतातच, आणि आठवणीने चार वेळा कुणी ताट आणून देतं हीच त्यातली मोठी मदत. पण बाळ नीट ओढत नसेल तर नुसत्या लाडवांनी वजन तुमचं वाढेल. शतावरी कल्पात साखर भरपूर असते. गरोदरपणात मधुमेह होता का? मेथी जास्त प्रमाणात घेतली तर रक्तातली साखर उतरू शकते, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर विचारून घ्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत सोडून द्या. तहानेपुरतं प्या, तांबेभर जास्त प्यायल्याने दूध वाढत नाही. दूध वाढायची म्हणून मेडिकलमधून परस्पर डोमपेरिडोन आणणाऱ्या जणी मला भेटतात. ते करू नका. ते औषध काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

हे सगळं नीट करूनही आठवड्याभरात फरक नसेल, तर कारण शोधायला हवं. थायरॉइड, पीसीओडी, मधुमेह, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, छातीवर पूर्वी झालेलं ऑपरेशन, किंवा गरोदरपणात छातीत काहीच फरक न जाणवणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध घटतं. बाळाची जीभ खालून बांधलेली आहे का हेही बघून घ्या. यातल्या काही कारणांत सगळं बरोबर करूनही दूध पूर्ण पुरत नाही. मग जेवढं येतं तेवढं अंगावर आणि बाकीचं वरून, असं महिनोन् महिने छान चालतं. माझ्याकडच्या कितीतरी बाळांनी तसंच वर्ष गाठलंय.

पुढचं काही दिसलं तर मात्र उत्तरांची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा: शू सहापेक्षा कमी, लंगोटावर विटकरी डाग, शी अजून काळी, बाळ पाजायला उठवूनही उठत नाही, पिवळेपणा पायांपर्यंत गेला, अंग तापलं किंवा गार पडलं. आणि तुमच्यासाठी: छातीचा एक भाग लाल, कडक, सोबत थंडी-ताप; टाक्यांतून स्राव; किंवा दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, स्वतःचं किंवा बाळाचं काही करावं असे विचार येतात. त्या शेवटच्या गोष्टीवर उपचार आहेत, आणि पाजणं चालू ठेवून घेता येतील अशा गोळ्याही आहेत.