वाचकांचे प्रश्न : शेवटच्या दोनशे मीटरचा गडी तीनशे किलोमीटर टिकतो का?

प्रश्न : मिलान–सान रेमो ही सायकलची शर्यत जवळजवळ ३०० किलोमीटरची आणि स्प्रिंटरचं काम शेवटच्या २०० मीटरचं. मग त्याला इथे खरोखर संधी असते, की नुसतं म्हणायला?

उत्तर : असते. एरिक झाबेलनं ही शर्यत चारदा मारली (१९९७, १९९८, २०००, २००१), ऑस्कर फ्रेइरेनं तीनदा (२००४, २००७, २०१०). चिपोलिनी २००२, पेताक्की २००५, कॅव्हेंडिश २००९, देमार २०१६, फिलिप्सन २०२४. आयोजकांनाही स्प्रिंटरांची धास्ती होतीच. घोळक्यानं होणारा शेवट मोडावा म्हणून १९६० मध्ये पोज्जोचा चढ घातला आणि तोही पुरेना म्हणून १९८२ मध्ये चिप्रेस्सा.

पण नुसता वेगवान असून भागत नाही. मार्सेल किट्टेलनं सपाटीवरची, सुमारे २०० किलोमीटरची शेल्डेप्रेस पाच वेळा जिंकली. सान रेमो त्याच्या नावावर नाही. इथे ताज्या पायांचा सर्वांत वेगवान गडी जिंकत नाही. सहा-साडेसहा तासांनंतर ज्याचा वेग सर्वांत कमी घटलेला असतो, तो जिंकतो. झाबेल नेमका त्या जातीचा होता.

पहिले अडीचशे किलोमीटर त्या मानानं सोपे जातात. घोळक्याच्या पोटात बसलं की हवेचा मार पुढचे खातात. २०२४ मध्ये सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटरच्या वर गेला होता, तरी आत बसलेल्याला पायांवर फार जोर द्यावा लागत नाही. खरी शर्यत शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये होते. (२०२४ आणि २०२५ मध्ये सुरुवात मिलानहून नव्हे, पाव्हियाहून झाली. नाव मात्र तेच.)

प्रश्न : पोज्जो म्हणजे ३.७ किलोमीटर आणि सरासरी चार टक्क्यांच्या आतला चढ. एवढ्याशा चढाचं एवढं काय?

उत्तर : आकडे मांडून पाहा. उंची चढायची साधारण १३७ मीटर, वेळ पावणेसहा ते सहा मिनिटं, म्हणजे वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास. सायकल ८ किलोची धरली तर ७५ किलोच्या स्प्रिंटरला फक्त वजन वर नेण्यासाठी सुमारे ३२० वॉट लागतात, ६५ किलोच्या चढाईबहाद्दराला सुमारे २८०. फरक चाळीस वॉटचा.

आता हवा. या वेगाला एकट्यानं हवा कापायची तर सव्वादोनशे वॉटच्या घरात जातात. नीट चाकामागे बसलं तर त्यातले एक तृतीयांश, म्हणजे पंचाहत्तरेक वॉट वाचतात. म्हणजे वजनामुळे जेवढा तोटा होतो, त्याच्या जवळपास दुप्पट फायदा पुढच्याचं चाक देतं. दहा-बारा टक्क्यांच्या घाटात वेग इतका उतरतो की हा फायदा उरतच नाही, पोज्जोवर उरतो. स्प्रिंटर इथे वाचतो तो या गणितामुळे.

हेच गणित उलटं फिरलं की मात्र खेळ संपला. पुढे कुणी झटका दिला, चाकात तीन-चार मीटरची फट पडली, की वजन आणि हवा दोन्ही अंगावर येतात. फट मिटवायला थोडा वेळ पाचशे-सहाशे वॉटनं पेडल मारावं लागतं, तेही साडेसहा तास राबलेल्या पायांनी. फट मिटते न मिटते तोच पुढचा झटका येतो. बहुतेक स्प्रिंटर पहिल्या झटक्याला तग धरतात आणि दुसऱ्याला मागे पडतात.

वारा कुठून आहे तेही बघावं. समोरून असेल तर चाकामागच्याची बचत वाढते, हल्ला करणारा लवकर विझतो आणि स्प्रिंटर खूश. पाठीमागून असेल तर उलट.

प्रश्न : चढाच्या पायथ्याशी सगळे जिवाच्या आकांतानं पुढे घुसतात. दहावा काय नि चाळिसावा काय, घोळका तर एकच ना?

उत्तर : पायथ्याशी घोळका एक राहत नाही. समुद्रकाठचा मोठा रस्ता सोडून उजवीकडे पोज्जोच्या अरुंद वाटेला लागताना वळण येतं आणि रुंद घोळक्याची लांब माळ होते. एका सायकलला पुढच्या फटीसकट अडीच-तीन मीटर धरा: चाळिसाव्यापुढे शंभरेक मीटरची रांग. ३८ च्या वेगाला ते अंतर साधारण दहा सेकंदांचं आहे. म्हणजे चढ सुरू होण्याआधीच गडी दहा सेकंद मागे. शिवाय वळणावर पुढचे जरासे थबकतात, मागचे ब्रेक मारतात, मग पुन्हा शून्यातून वेग घ्यायचा. हा धक्का रांगेच्या शेपटीकडे वाढत जातो.

म्हणून चांगला संघ आपल्या स्प्रिंटरला पहिल्या दहा-पंधरात ठेवून चढाला लावतो. मग त्याला 'सरकत' जाता येतं: पहिल्यांत चढ धरायचा, एकेक जागा सोडत जायची आणि माथ्यावर विसाव्या-पंचविसाव्या जागी पोचायचं, पण चाक न सोडता. माथ्यावर टेलिफोनची एक जुनी टपरी आहे. तिथून डावीकडे वळलं की उतार, आणि शर्यतीची शेवटची रेषा साडेपाच किलोमीटरवर.

प्रश्न : २०२५ मध्ये पोगाचारनं चिप्रेस्सावरच हल्ला केला आणि शेवटी तिघेच उरले. स्प्रिंटरांचे दिवस भरले म्हणायचे का?

उत्तर : भरले नाहीत, पण महाग झालेत. चिप्रेस्साचा माथा रेषेपासून जवळपास २२ किलोमीटरवर आहे. उतार संपला की पोज्जोपर्यंत नऊएक किलोमीटर सपाटी लागते. पूर्वी या सपाटीवर स्प्रिंटरच्या संघाचे दोन-तीन साथीदार उरायचे, पुढे येऊन ओढायचे आणि पुढे निसटलेल्यांना पकडून आणायचे. आता चिप्रेस्साच नऊ मिनिटांच्या आसपास चढला जातो. त्या वेगात आधी साथीदार गळतात आणि स्प्रिंटर एकटा पडतो. त्यानं स्वतः ओढलं तर रेषेवर पाय उरत नाहीत. नाही ओढलं तर पुढचे सापडत नाहीत.

त्या वर्षी व्हान डेर पूल पहिला, गान्ना दुसरा, पोगाचार तिसरा. गान्नाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. गडी अवजड, स्प्रिंटर नव्हे तर घड्याळाविरुद्धच्या शर्यतीतला. पोज्जोवर मागे पडला, पण घाबरून जोर न लावता आपल्या लयीत चढला आणि खाली येऊन पुढच्यांना गाठलं.

आणि २०२४ मध्ये काय झालं? फिलिप्सनचा साथीदार व्हान डेर पूलच होता. तोच पोगाचारच्या मागे लागला, तोच शेवटी निसटू पाहणाऱ्यांना आवरत राहिला. असा साथीदार असेल तर स्प्रिंटर आजही जिंकतो. नसेल तर २०१८ सारखं होतं: निबालीनं पोज्जोवरून मुसंडी मारली, घोळका श्वासाच्या अंतरावर आला आणि कॅलेब युवनला दुसऱ्या जागेवर समाधान मानावं लागलं.

प्रश्न : रोबे, फ्लँडर्स, लिएज, लोम्बार्दिया या बाकीच्या मोठ्या एकदिवसीय शर्यतींत स्प्रिंटरला वाव आहे का?

उत्तर : लिएज आणि लोम्बार्दियात नाही, चढच इतके आहेत. रोबे आणि फ्लँडर्समध्ये अंगानं दणकट असलेल्याला आहे: २०१५ मध्ये डेगेनकोल्बनं सान रेमो आणि रोबे दोन्ही जिंकल्या, क्रिस्टॉफनं फ्लँडर्स. जागतिक अजिंक्यपदाचा मार्ग दरवर्षी बदलतो. तो सपाट असला की चिपोलिनी (२००२) किंवा कॅव्हेंडिश (२०११) निघतो.

प्रश्न : झाबेल २००४ मध्ये हात वर करून हरला, ते खरं?

उत्तर : अगदी खरं. रेषेआधीच हात उचलले आणि फ्रेइरेनं चाक पुढे ढकललं. हात उचलले की पेडलवरचा जोर तुटतो, छाती वाऱ्याला उघडी पडते आणि शेवटच्या क्षणी सायकल पुढे फेकता येत नाही.

प्रश्न : मी हौशी आहे. ताज्या पायांनी माझा स्प्रिंट चांगला आहे, पण दीडशे किलोमीटरनंतर जोरच निघत नाही. काय करू?

उत्तर : आधी खाणं तपासा, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. पहिल्या अर्ध्या तासापासून तासाला ६०–९० ग्रॅम कर्बोदकं हवीत. व्यावसायिक ९०–१२० पर्यंत जातात, पण पोटाला आठवडे-आठवडे सवय लावून. एकदम शंभरावर उडी मारली तर पोट बिघडेल. भूक लागल्यावर खायला घेतलं तर उशीर झालेला असतो. पाणी तासाला ५०० मिलीलीटर, उन्हात त्याहून जास्त. कॅफीनचं जेल शेवटच्या तासाच्या सुरुवातीला घ्या. शेवटच्या पाच मिनिटांत घेतलेलं रेषेनंतर कामाला येतं.

मग सराव. स्प्रिंटचा सराव सगळेजण फेरीच्या सुरुवातीला करतात आणि नेमका तोच चुकतो. आठवड्यातून एकदा तीन-साडेतीन तास आरामात चालवा, मग पाच मिनिटांच्या जोरदार चढाया दोन, मध्ये दहा मिनिटं सैल. त्यानंतर १२ सेकंदांचे पूर्ण जोराचे स्प्रिंट चार, प्रत्येकामागे पाच मिनिटं विश्रांती. चौथ्याचा आकडा पहिल्याच्या खूप खाली गेला तर पुढच्या आठवड्यात तीनच करा.

गिअर लवकर जड करू नका. ५४×११ वर (पुढे ५४ दातांचं चक्र, मागे ११ चं) ताशी ६५ ला मिनिटाला साधारण १०५ फेरे होतात. थकलेल्या पायांनी ५० च्या वेगाला तोच गिअर टाकलात तर फेरे ऐंशीवर येतात आणि गुडघे भरून येतात. एक दात हलका ठेवा, वेग आला की बदला. आणि स्प्रिंट उशिरा सुरू करा. ६५ च्या वेगाला २०० मीटर म्हणजे ११ सेकंद, ३०० मीटर म्हणजे जवळपास १७. थकव्यानंतर ती शेवटची पाच-सहा सेकंदं कुणाच्याच पायांत नसतात. २००९ च्या सान रेमोत हाउसलरनं लांबूनच स्प्रिंट सुरू केला, एकटाच पुढे दिसत होता, आणि कॅव्हेंडिशनं त्याला अगदी रेषेवर गाठलं.