आर्थर कॉटन कोण होते? आंध्रात एका इंग्रज अधिकाऱ्याचे पुतळे का दिसतात?

थोडक्यात सांगायचं तर, गोदावरीमुळे. कॉटन (1803–1899) हे मद्रास इंजिनियर्सचे लष्करी अभियंता, पण त्यांचं नाव राहिलं ते पाटबंधाऱ्यांमुळे. 1830च्या दशकात त्यांनी कावेरीच्या फाट्यावर, कोल्लिडमवर बंधारे घातले. खरी करामत पुढे. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला काही किलोमीटर रुंद होते. तळाशी नुसती वाळू, खडक लागतच नाही. मग पाया घ्यायचा कुठे? वाळूवर दगड टाकले की ते खचत जातात, पण एका थराला जाऊन स्थिरावतात. त्यावर वरचं बांधकाम करायचं. ही युक्ती चोळांच्या जुन्या कल्लणैवरून (कावेरीवरच्या प्राचीन बंधाऱ्यावरून) उचलली, हे कॉटननी स्वतः मान्य केलं होतं. मला त्यांचा हा गुण सगळ्यात भावतो.

1847 ते 1852 मध्ये बंधारा झाला आणि दुष्काळाने पिचलेला त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार बनला. 1861 मध्ये ‘सर’ किताब मिळाला. रेल्वेपेक्षा कालवे काढा, असा धोशा त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही. त्यात थोडा हेकटपणाही होता म्हणा. धवळेश्वरमच्या आजच्या बॅरेजला त्यांचंच नाव आहे.