हिरव्या ठशाची छत्री

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर पहिल्या मोठ्या पावसानंतर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या आहेत. वर तपकिरी खवले आहेत, देठाला सरकणारं कडं आहे. मुलाने लंडनहून मश्रूम ओळखायचं सचित्र पुस्तक पाठवलंय. त्यातल्या ‘पॅरासोल’शी सगळं हुबेहूब जुळतं आणि तो खाण्याजोगा असल्याचं लिहिलंय. श्रावणात एकदा भाजी करून पाहावी का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नका करू. चित्र जुळलं एवढ्यावर मश्रूम खाणं म्हणजे फोटो पाहून स्थळ पसंत करण्यासारखं आहे, आणि इथे तर फोटोही परगावच्या स्थळाचा!

तुमचं वर्णन वाचून मला पहिला संशय येतो तो क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्सचा. उष्ण प्रदेशातल्या हिरवळीवर पावसाळ्यात उगवणारी ही छत्री पॅरासोलची जवळजवळ सख्खी बहीण दिसते. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. फसायला होतं, कारण कोवळेपणी छत्रीखालच्या पात्या पांढऱ्याच असतात, हिरवट झाक नंतर येते. पॅरासोलच्या देठावर सापाच्या कातीसारखी नक्षी असते, हिचा देठ साधा. पण हा फरकही तुम्ही आत्ता चित्रात शोधायला जाल आणि हवा तसा दिसेल, म्हणून आधी ठसा घ्या.

पूर्ण उमललेली छत्री देठापासून कापा. एक पांढरा आणि एक काळा कागद शेजारी ठेवून, पात्या खाली करून, दोन्हींवर थोडी थोडी येईल अशी पालथी घाला. वर वाटी झाका आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी बीजाणूंची, म्हणजे मश्रूमच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांची, भुकटी कागदावर पडलेली असेल. हाच ठसा. पॅरासोलची पांढरट, बाजारातल्या बटण मश्रूमच्या कुळाची चॉकलेटी आणि मॉलिब्डाइट्सची मळकट हिरवी. काळा कागद पांढरट भुकटी दिसावी म्हणून, तो विसरू नका. मी एकदा फक्त पांढऱ्यावर ठेवली आणि ‘हिला बीजाणूच नाहीत’ असं वहीत लिहून मोकळी झाले. वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा, बरं का!

आणि ठसा हिरवा नाही आला, तरीही खाऊ नका. पुस्तकाचा उपयोग ‘ही ती नाही’ म्हणायला अधिक आणि ‘ही तीच’ म्हणायला फार कमी. तुमचं पुस्तक ओक, बर्च, बीचच्या जंगलांतलं आहे, आणि तिथे कितीतरी मश्रूम ठरावीक झाडांच्या मुळांशी जोडूनच जगतात. आपल्याकडची वारुळावरची अळंबी त्यात सापडणारच नाही, कारण तिला वाळवी आपल्या वारुळात वाढवते आणि युरोपात ती उगवत नाही. मग आपण काय करतो? त्यातल्या त्यात जवळचं चित्र शोधतो. तिथेच घात होतो.

शहापूरच्या बाजूला सासरी गेले असताना मी अशा छत्र्या सुरीने छान कापून परडीत घालून आणल्या. पुस्तक काढून बसले, तोच आतेसासूबाई आल्या. एक उचलून उलटी केली आणि म्हणाल्या, “बूड कुठाय गं?” मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी शेताच्या बांधावर नेऊन काठीने माती उकरली. देठ खाली बारीक होत होत मुळासारखा वीतभर वारुळात उतरला होता, वर टोपीच्या मधोमध टोकदार बोंड. अळंबीची खूण ती. देठाच्या बुडाशी पांढरी पिशवी असती तर अमानिटाच्या घराण्यातली, आणि त्यात जीव घेणाऱ्याही आहेत. ही सगळी ओळख मी सुरीने कापून बांधावरच सोडून आले होते. तेव्हापासून पुस्तक उघडायच्या आधी मी खुरपं शोधते.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाऊन शोधायचा मोह होईल. बघा, फोटो काढा, चित्र काढा. पण ते राष्ट्रीय उद्यानातलं जंगल आहे, तिथून काही उपटून आणायचं नसतं.

चुकून कुणी खाल्लीच तर उरलेला तुकडा कागदी पिशवीत घालून लगेच रुग्णालय गाठा. त्रास सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झाला तर प्रकरण अधिक गंभीर समजा. अमानिटातल्या घातक विषात मधे बरं वाटतं आणि आतून यकृत जात असतं. ते विष शिजवूनही जात नाही.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, चांदीचा चमचा काळा पडला नाही तर मश्रूम निर्धास्त खावं. गोगलगायीने खाल्लेलंही चालतं म्हणे.
— कासारवडवली, ठाणे

उत्तर : चांदी गंधकाने काळी पडते, उकडलेल्या अंड्यातही पडते. मश्रूमच्या विषाशी तिचं काही देणंघेणं नाही. गोगलगायी तर आपल्याला मारणाऱ्या छत्र्याही मजेत खातात. सासूबाईंना दुखवू नका, चमचा घासून ठेवा. भाजी बाजारातल्या धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मश्रूमची करा.