तुमचे प्रश्न : 23 नोव्हेंबरला बोब्बिओत

उत्तर इटलीत, प्याचेंझा जिल्ह्यात, त्रेब्बिया नदीच्या खोऱ्यात बोब्बिओ नावाचं डोंगरातलं गाव आहे. वस्ती जेमतेम साडेतीन हजार. 23 नोव्हेंबरला तिथे एका आयरिश संताची पुण्यतिथी पाळतात. मुलं मिलान-प्याचेंझाकडे शिकायला गेलेल्या नागपूरकरांकडून या दिवसाबद्दल प्रश्न आले. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

आयरिश संत म्हणजे सेंट पॅट्रिकच ना? मुलीने आम्हा दोघांना त्या दिवशी बोलावलंय. हिरवे कपडे न्यायचे का? (एक वाचक, धरमपेठ)

नाही. पॅट्रिकचा दिवस 17 मार्च. हिरवे कपडे आणि हिरवी बीअर हा सगळा थाट त्या दिवसाचा. बोब्बिओचे संत कोलंबानस. इटालियन लोक त्यांना सान कोलोम्बानो म्हणतात. त्यांच्या दिवशी गावात हिरवं काही नसतं. मिरवणुकीचा गोंगाट, ढोल, फटाके यांच्या अपेक्षेने जाल तर हिरमोड होईल. हा गावच्या ग्रामदैवताचा दिवस आहे. चर्चमध्ये बिशपच्या हातून मोठी मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, मग घरोघरी आणि खानावळींत लांबलेलं जेवण. न्यायचेच असतील तर जाड स्वेटर न्या. दिवसा पारा दहाच्या आसपास असतो, रात्री दोन-चारवर येतो, आणि पावणेपाचला सूर्य मावळतो.

आयर्लंडचा माणूस इटलीच्या डोंगरात पोचला कसा? (एक वाचक, महाल)

भांडत भांडत पोचला, असं म्हटलं तरी चालेल. जन्म साधारण 540 चा, आयर्लंडच्या लेन्स्टर भागातला. बँगरच्या मठात शिक्षण झालं. 590 च्या सुमारास बारा सोबत्यांसह ते आजच्या फ्रान्समध्ये उतरले आणि आनग्रे, लुक्सय, फोंतेन असे तीन मठ उभे केले. तिथे दोन वाद पेटले. पहिला ईस्टरच्या तारखेचा. आयरिश मठांचं गणित 84 वर्षांच्या चक्राचं आणि भोवतालच्या बिशपांचं वेगळं, म्हणून सण वेगवेगळ्या दिवशी यायचा. स्मार्त आणि भागवत एकादशीवरून आपल्याकडे घरात होतो तसाच घोळ, फक्त इथे पत्रं थेट पोपला गेली. दुसरा वाद राजाशी. थिओडेरिक लग्नाशिवाय बायका ठेवतो, त्याच्या मुलांना आशीर्वाद देणार नाही, असं कोलंबानसनी त्याची आजी ब्रुनहिल्डा हिच्या तोंडावर सांगितलं. 610 मध्ये त्यांना हाकललं गेलं.

मग ऱ्हाईनच्या काठाने ब्रेगेन्झ. तिथे त्यांचा शिष्य गॉल मागे राहिला. स्वित्झर्लंडचं सांक्ट गालेन शहर त्याच्याच नावाचं. कोलंबानस आल्प्स ओलांडून मिलानला आले तेव्हा सत्तरीत होते. लोंबार्ड राजा आजिलुल्फ आणि राणी थिओडेलिंडा यांनी त्यांना बोब्बिओतलं पडकं चर्च आणि भोवतालची जमीन दिली. 614 मध्ये मठ उभा राहिला. 23 नोव्हेंबर 615 ला ते वारले. म्हणजे गावाला त्यांचा सहवास जेमतेम वर्षभराचा, पण मठ 1803 मध्ये फ्रेंचांनी बंद करेपर्यंत चालला. त्याच्या ग्रंथालयातल्या पोथ्या आज मिलान, तुरीन आणि व्हॅटिकनमध्ये विखुरल्या आहेत.

चित्रांत त्यांच्याजवळ अस्वल दिसेल. अस्वलाने गाडीचा एक बैल मारला, तेव्हा संतांनी त्यालाच दुसऱ्या बैलाशेजारी जुंपलं, अशी कथा आहे.

नेमकं जायचं कसं? मुलगी म्हणते बस आहे, पण वेळापत्रक काही कळत नाही. (एक वाचक, प्रतापनगर)

बोब्बिओला रेल्वे नाही. मिलानहून प्याचेंझा लोकल गाडीने तासाभराच्या आत-बाहेर, तिथून बोब्बिओ 45 किलोमीटर. नागपूर ते रामटेक धरा, फक्त वाट वळणाची. बसला तास-सव्वा तास लागतो.

वेळापत्रकात फसायला होतं ते एका शब्दापाशी. 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या, हे कळतं. 'फेरिआले' वाचून मात्र इटालियन 'फेरिए', म्हणजे सुट्टी, असं वाटतं, आणि अर्थ अगदी उलटा आहे : सोमवार ते शनिवार, कामाचे दिवस. तिसरा शब्द 'स्कोलास्तिको'. त्या फेऱ्या शाळा असेल तरच सुटतात. 2026 मध्ये 23 नोव्हेंबर सोमवारी आहे. इटलीत प्रत्येक गावाला आपल्या संताच्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. बोब्बिओची सुट्टी 23 नोव्हेंबरला, प्याचेंझाची 4 जुलैला. त्यामुळे प्याचेंझात तो साधा सोमवार, पण बोब्बिओची शाळा बंद. 'स्कोलास्तिको' फेरीच्या भरवशावर राहू नका. परतीची शेवटची बस आदल्या दिवशी पुन्हा तपासा. ती चुकली की टॅक्सीवाला 45 किलोमीटरचे पैसे घेणार.

बसचं तिकीट आधी घ्यावं, निळ्या-पांढऱ्या 'टी'ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. बसमध्ये चढल्यावर यंत्रात छाप मारायचा. रेल्वेच्या कागदी तिकिटालाही गाडीत बसण्याआधी फलाटावर छाप लागतो. विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड होतो, आणि "माहीत नव्हतं" हे तिथे ऐकून घेत नाहीत.

सोमवारचं आणखी एक : इटलीत बरीच संग्रहालयं आणि काही खानावळी त्या दिवशी बंद असतात. मुलीला आठवडाभर आधी फोन करून जेवणाचं टेबल धरायला सांगा.

व्हिसासाठी किती आधी लागायचं? (एक वाचक, मनीषनगर)

सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, निघण्याच्या 15 दिवस आधी दारं बंद. फी मोठ्यांना 90 युरो. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत तीन महिने तरी उरलेली हवी. मुलीच्या घरी राहणार असाल तर पाहुणे आल्याची कागदी खबर 48 तासांत पोलिसांना द्यावी लागते. ते काम यजमानाचं. घर भाड्याचं असेल तर तिने घरमालकाशी आधीच बोलून ठेवावं.

आम्ही हिंदू. मिसाला बसलं तर चालतं का? काय करायचं, काय नाही? (एक वाचक, सीताबर्डी)

चालतं. कुणी विचारत नाही. पुरुषांनी टोपी काढायची. आपल्या सवयीच्या उलट, पण चपला-बूट काढायचे नाहीत. मागच्या बाकांवर बसा. लोक उठले की उठायचं, गुडघे टेकले तर आपण बसून राहिलं तरी चालतं. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जातात आणि पाद्री त्यांना पांढरी चकती देतो. हा प्रसाद समजून रांगेत लागू नका. ती चकती दीक्षा घेतलेल्या कॅथलिकांसाठीच असते, आणि ती घेऊन पर्समध्ये ठेवली तर तिथे फार मोठा अपमान मानतात. आपण जागेवर बसून राहायचं. त्याआधी सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात, तो मात्र जरूर मिळवा.

हार-नारळ नको. वाहायचं असेल तर मेणबत्ती : पेटीत नाणं टाका, शेजारच्या मेणबत्तीवरून पेटवा. एक-दोन युरोंची सुटी नाणी जवळ असू द्या, जुन्या चर्चमध्ये चित्रांवरचा दिवाही पुष्कळदा नाणं टाकल्यावरच लागतो.

एक चूक हमखास होते. गावात कॅथेड्रल (बिशपचं चर्च) वेगळं आणि सान कोलोम्बानोची बॅसिलिका (मठाचं चर्च) वेगळी. समाधी बॅसिलिकेच्या तळघरात आहे. संगमरवरी पेटीवर 1480 मध्ये जोव्हान्नी देई पात्रियार्की याने संतांच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. त्याच तळघरात बाराव्या शतकातली मोझॅकची जमीन आहे : बारा महिने, त्यांच्या राशी आणि प्रत्येक महिन्याचं शेतकाम. घाईने पाहू नका. आपलं पंचांग जमिनीवर पसरल्यासारखं आहे ते.

मग नदीवरचा कुबड्या पूल, 'पोन्ते गोब्बो'. अकरा कमानी, एकीची उंची दुसरीला जुळत नाही, लांबी पावणेतीनशे मीटर. सैतानाने एका रात्रीत बांधला आणि मजुरी म्हणून पहिला ओलांडणारा जीव मागितला. संतांनी कुत्रं पुढे सोडलं, अशी कथा. पावसात दगड शेवाळल्यासारखे निसरडे होतात. रबरी तळाचे बूट घाला.

आम्ही पक्के शाकाहारी. उपाशी राहणार का? (एक वाचक, रामदासपेठ)

नाही, पण "वेजेतारिआनो" एवढं सांगून भागणार नाही. गावचा मानाचा पदार्थ 'माक्केरोनी अल्ला बोब्बिएझे', म्हणजे हाताने वळलेल्या नळ्या. त्यावर तास न् तास शिजवलेल्या गोमांसाचा रस्सा असतो. पिझारेई ए फाझो हा राजम्यासारख्या दाण्यांचा आणि पिठाच्या गोळ्यांचा पदार्थ निरुपद्रवी दिसतो, पण फोडणीला बहुधा डुकराची चरबी असते. सर्वांत फसवी 'किसोलीनी' : फुगलेली, खुसखुशीत, थेट पुरीच. तळतात मात्र डुकराच्या चरबीत. विचारायचं ते असं : "सेन्झा कार्ने, सेन्झा लार्दो, सेन्झा स्त्रुत्तो?", म्हणजे मांस आणि डुकराची चरबी नाही ना? शेपटीवाले तोर्तेल्ली मागवा, आत रिकोटा चीज आणि पालक असतो. अंडं पिठात असतंच. वर किसतात आणि बहुधा सारणातही घालतात त्या ग्राना पादानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. ते चालत नसेल तर तोर्तेल्लीही टाळा आणि दुसरं काही मागवताना "सेन्झा फोर्माज्जो", म्हणजे चीज नको, असं सांगा. गोगलगायीही गावाची खासियत आहेत, त्यांची मुख्य वेळ नाताळची.

आम्हाला जाणं शक्य नाही. त्या माक्केरोनी घरी करता येतील का? (एक वाचक, नंदनवन)

ज्यांच्या घरी सरगुंडे होतात त्यांना निम्मं येतंच. फरक एवढाच, की सरगुंड्याची दोरी आपण काडीवर पिळासारखी गुंडाळतो आणि वाळवतो. इथे तुकड्यावर सुई त्याच्या लांबीच्या दिशेने ठेवून लाटायचं, म्हणजे सुई आत रुतते आणि पीठ तिच्याभोवती मिटतं. आणि वाळवायचं नाही.

चौघांसाठी 300 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, 2 अंडी आणि साधारण 100 मिलिलिटर कोमट पाणी. अंडी नको असतील तर 200 ते 210 मिलिलिटर पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेइतकं मळा, दहा मिनिटं. ओल्या फडक्याखाली 40 मिनिटं ठेवा. नागपूरच्या नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत उघडं राहिलं तर वर पापुद्रा धरतो, आणि तो पापुद्रा नळीला चिरा पाडतो. म्हणून एका वेळी मूठभरच पीठ बाहेर काढा.

पेन्सिलीएवढी जाड दोरी वळा, साडेतीन सेंटिमीटरचे तुकडे करा. विणकामाची धातूची सुई 12 नंबरची, पावणेतीन मिलिमीटरची. तिला कोरडा रवा लावा, तेल नको : तेलाने पीठ सुईवर घसरतं, मिटत नाही. तुकड्यावर सुई दाबा, तळव्याने दोन-तीनदा पुढे-मागे. नळी सात-आठ सेंटिमीटर लांब होते. मग किंचित पिळ देत टोकाकडून काढायची. चिकटली तर पीठ सैल झालंय, दोन चमचे मैदा घालून पुन्हा मळा. लाटताना जोर जास्त दिला तर एक बाजू फाटते. एवढ्या पिठाचे चारशेच्या आसपास तुकडे होतात, दोघी बसल्या तर नवख्या हातांना दीड तास. एकटीने करू नका, अर्ध्यातच कंटाळा येतो. नळ्या रवा भुरभुरलेल्या परातीत सुट्या पसरा, ढीग केला तर गोळा होतो.

चार लिटर पाण्यात 40 ग्रॅम मीठ, खळखळ उकळी आल्यावरच टाका. वर तरंगल्या की आणखी दोन-तीन मिनिटं. एक चाखा : मधला पांढरा ठिपका गेला पाहिजे.

रश्शासाठी शाकाहारी घरांत मशरूम बरे. डोंगरातल्या जंगलांत शरद ऋतूत पोर्चीनी नावाचे रानमशरूम निघतातच. 20 ग्रॅम सुके पोर्चीनी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, पाणी फडक्यातून गाळा, तळाशी रेती असते. 300 ग्रॅम साधे मशरूम मोठ्या आचेवर दोन-तीन हप्त्यांत परता, मीठ शेवटी. आधी मीठ घातलं किंवा कढई भरली की ते पाणी सोडून उकडतात. कांदा, गाजर बारीक चिरून 30 ग्रॅम लोण्यात मंद परता, 2 चमचे टोमॅटो प्युरी, भिजलेले पोर्चीनी, परतलेले मशरूम आणि गाळलेलं पाणी घाला आणि वीस मिनिटं आटवा. मटण करणाऱ्यांनी 600 ग्रॅम बिनहाडाचं मांडीचं मटण अखंड ठेवून, मंद आचेवर अडीच तास. कुकरमध्ये मांस शिजतं, पण रस पातळच राहतो, मग झाकण काढून पुन्हा आटवावा लागतो. सावजी मसाला घालण्याचा मोह होईल. घाला, चव उत्तमच लागेल, पण मग तो सावजी रस्सा.

भाड्याच्या बाइकने गेलं तर? (एक वाचक, मानकापूर)

कोलंबानस मोटरसायकलवाल्यांचेही संत मानले जातात, आणि त्रेब्बियाच्या काठचा 45 क्रमांकाचा रस्ता बाइकवाल्यांचा लाडकाच आहे. पण तो मे ते सप्टेंबरमध्ये. नोव्हेंबरअखेर सकाळी धुकं, सावलीतल्या वळणांवर ओली पानं. कार घेणार असाल तर 15 नोव्हेंबरपासून तिकडच्या बहुतेक रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या सक्तीच्या असतात. गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून पाहा. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्याआधीच काढा, तिकडे गेल्यावर मिळत नाही.