रोज वीस शब्द पाठ करू नकोस, एकच घे

अरे, ते इंग्रजीचे रोज वीस-वीस शब्द पाठ करायचं आधी सोड, मी दोन वर्षं तेच केलं आणि आज त्यातले पाचसुद्धा आठवत नाहीत. दिवसाला एकच घे पण त्याचं मूळ शोध. आता बघ, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तांबड्या मातीचा जो वास सुटतो ना, त्याला इंग्रजीत पेट्रिकोर म्हणतात, १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी बनवलेला शब्द, ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारं रक्त... एवढं कळल्यावर तो विसरेल कोण!

आणि आपल्याला गोव्यात तर घबाडच आहे. मान्सून हा पोर्तुगीज मोंसांववरून इंग्रजीत गेला, तो आला अरबी मौसिमवरून, म्हणजे आपला मोसम तोच. मार्मलेडसुद्धा पोर्तुगीजांचाच, मार्मेलो नावाच्या फळावरून.

उच्चार मात्र मोबाईलवर ऐकूनच घे, स्पेलिंगवर जाऊ नको. व्युत्पत्तीवाली जाडी डिक्शनरी चाळायची तर पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत जाऊन बस एखादी सकाळ. आणि इंटरव्ह्यूत असले शब्द मुद्दाम घुसडू नकोस हां, तिथे साधंच बोल.