शेणस्लरीवर स्पिरुलिना वाढवून कर्करोगविरोधी फायकोसायनिन मिळेल का?

स्पिरुलिना म्हणजे निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ आणि फायकोसायनिन हे त्यातलं निळं रंगद्रव्य. रंगद्रव्य मिळेल, औषध नाही. फायकोसायनिनचा कर्करोगपेशींवरचा परिणाम मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसला आहे. उपचार म्हणून ते कुणाला देऊ नका.

प्रयोगासाठी बायोगॅसची पचलेली स्लरीच घ्या, ताजं शेण नको. दुहेरी कापडातून गाळा, दोन दिवस निवळू द्या आणि वरचं पाणी २ ते ५ टक्केच वापरा. लिटरमागे ८ ते १० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि १ ग्रॅम मीठ घाला. पीएच ९.५ ते १०, तापमान ३० ते ३५ अंश, पाण्याची खोली १५ ते २० सेंमी. दिवसा सतत ढवळा.

बहुतेकांचं इथेच बिघडतं: स्लरी जास्त पडते. पीएच ९.३ च्या वर निम्म्याहून अधिक अमोनियम मुक्त अमोनिया बनतो, कल्चर (वाढतं शेवाळ) पिवळं पडून मरतं. शिवाय काळपट पाणी उजेड अडवतं, ते वेगळंच. म्हणून रोज थोडी थोडी घाला.

काढणीनंतर बायोमास धुऊन पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये तीनदा गोठवा-वितळवा, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून गाळ वेगळा करा. सगळं थंड आणि अंधारात; ५० अंशांपुढे निळा रंग लवकर उडतो. ६२० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर शुद्धता दाखवतं: ०.७ म्हणजे खाद्यरंगाचा दर्जा, संशोधनाला साधारण ४ लागतं. तिथवर जायला अमोनियम सल्फेटने साका पाडून क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत) करावी लागते, आणि खरा खर्च तोच. स्लरीत वाचलेले पैसे त्यापुढे किरकोळ. जड धातू आणि मायक्रोसिस्टिन (इतर निळ्या-हिरव्या शेवाळांतलं विष) यांची तपासणी मात्र चुकवू नका.